खरवडलेले नाव

करारनाम्याच्या मसुद्यातले एक कलम रोह्याहून पेणला येईपर्यंत ऋतुजाला पाठ झाले होते. ‘सदर संगणक-प्रणाली पुरवठादाराने संपूर्णतः स्वतः लिहिलेली असून तीत अन्य कोणाच्याही लिखाणाचा अंश नाही.’ वाक्य सरळ होते. पण ‘संपूर्णतः’ आणि ‘कोणाच्याही’ हे दोन शब्द एका वाक्यात भेटले की सहीआधी थांबायचे, ही सवय तिला रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत लागली होती. तिथे ‘शंभर टक्के शुद्ध’ असे लिहिलेली बाटली कोणी आणून ठेवली, की ती सर्वांत आधी त्याच बाटलीची तपासणी करी.

ती रसायनशास्त्राची. नोकरी सोडून तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती: तापमान आणि दाब यांच्या नोंदींवरून रिअॅक्टरमधली बॅच केव्हा पूर्ण होईल, हे आधी सांगणारे एक गणित. ते तिने स्वतः बसवले, तीन वर्षे घासूनपुसून काढले, आणि पेणच्या धनेशने त्याभोवती संगणकावर चालणारी प्रणाली लिहिली. धाटावचा एक कारखाना ती विकत घ्यायला तयार झाला होता. कारखाना वर्षातून एकदाच बंद ठेवतात, तेव्हाच नवी यंत्रे आणि नवे संगणक बसतात. ती वेळ महिन्यावर आली होती. ती चुकली की गोष्ट एका वर्षावर गेली. आणि वर्षभर थांबण्याची ऐपत दोघांचीही नव्हती.

धनेशचे घर म्हणजे गणपतीचा कारखाना. पुढच्या पडवीत मूर्तींच्या रांगा, मधल्या खोलीत साचे, आणि अगदी मागे, जिथे प्लास्टरची धूळ कमीत कमी पोचेल अशा कोपऱ्यात, सीताबाईंच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला संगणक. सीताबाई म्हणजे धनेशची आई. त्यांच्या मते ते यंत्र फार लाडावलेले होते; एवढे झाकून त्या मूर्तींनाही ठेवत नसत.

ऋतुजाने कलम वाचून दाखवले आणि हे खरे आहे ना, असे विचारले. प्रश्न केवळ रिवाज म्हणून होता. धनेश एका मूर्तीच्या सोंडेवरची कड कानशीने घासत होता. त्याने मान न उचलता सांगितले की खरेच आहे. नोंदी साठवून ठेवणारा भाग तेवढा फैजलने दिलेल्या लायब्ररीतला. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला, आपल्या प्रणालीत जोडून घेता येणारा तयार भाग. फैजल हा त्याचा कॉलेजातला मित्र, रोह्याचा, आता कुवेतला नोकरीस. मागे सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या सीडीवरून त्याने ती लायब्ररी फ्लॉपीत उतरवून दिली होती. फुकट होती.

ऋतुजाने विचारले, फुकट, पण कोणत्या अटीवर?

“वरती तो मोठा मजकूर असतो ना, नाव-बिव, परवाना. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर.” धनेशने कानस खाली ठेवली. “तो मी काढला.”

“का?”

“काढायचाच असतो.”

त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता, आणि ऋतुजाला नेमकी त्याचीच भीती वाटली. त्याने मग जे सांगितले ते असे. त्यांच्या गल्लीत दुसऱ्याची मूर्ती नमुना म्हणून घ्यायला कोणी हरकत घेत नाही. तिचे हात बदलायचे, बैठक बदलायची आणि मग साचा काढायचा. मात्र साचा काढण्याआधी मूळ कारागिराची पाठीमागची खूण आठवणीने खरवडून टाकायची. आपले प्लास्टर कच्चे निघाले, सोंड तडकली, तर बोल त्याच्या नावावर जाऊ नये. खूण तशीच ठेवणारा माणूस गल्लीत उद्धट समजला जाई. धनेशने लायब्ररीचे हात आणि बैठक बदलली होती, म्हणजे फंक्शनांची नावे आणि तारखांची मांडणी; आणि त्यानंतर अतिशय सभ्यपणे, सातासमुद्रापलीकडच्या त्या लेखकाचे नाव प्रत्येक फाइलीवरून खरवडले होते.

मूळ फ्लॉप्या त्याने पुढे दुसऱ्या कामाला वापरल्या होत्या. मजकुरातले आता काय आठवते, असे तिने विचारले. त्याला ‘जनरल पब्लिक लायसन्स’ एवढे शब्द पक्के आठवत होते. बाकी धूळ.

ज्या कंपायलरवर, म्हणजे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर, त्यांनी प्रणाली बांधली होती, त्याच्या फ्लॉप्यांत असे दोन परवाने होते, आणि दोघांच्याही नावात ते तीन शब्द होते. लेखकाच्या पसंतीनुसार लायब्ररीला यांपैकी एक लागू असे. ऋतुजाने दोन्ही छापून काढले आणि पडवीत, मूर्तींकडे पाठ करून, वाचायला बसली. कायद्याची भाषा तिला अवघड गेली नाही. ज्याने लिहिले त्याला प्रत्येक शब्दाची जबाबदारी ठाऊक होती, आणि असे लिखाण ती भराभर वाचू शके.

पहिला परवाना सांगत होता: हा भाग तुमच्या प्रणालीत जोडून ती कोणाला दिलीत, तर सगळी प्रणाली याच अटींवर द्यावी लागेल. म्हणजे कारखान्याला सोर्स कोडही द्यायचा, माणसाला वाचता येईल असे संपूर्ण लिखाण. आणि कारखान्याने ते पुढे कोणालाही दिले तरी अडवायचे नाही. तिचे गणित त्याच लिखाणात होते. ते एकदा धाटावच्या एका फाटकातून आत गेले की शेजारच्या फाटकापर्यंत पोचायला चहाच्या एका सुट्टीपेक्षा जास्त वेळ लागला नसता. दुसरे गिऱ्हाईक मग कशासाठी पैसे मोजेल?

दुसरा परवाना खास लायब्ऱ्यांसाठी होता आणि बराच समजूतदार होता. लायब्ररी आणि तिच्यात केलेले बदल खुले ठेवा, नाव राखा, आणि घेणाऱ्याला हवे तर तो लायब्ररी बदलून प्रणाली पुन्हा जोडू शकेल अशी सोय द्या. तुमचे स्वतःचे लिखाण तुमच्याजवळ ठेवा.

म्हणजे सारे एका प्रश्नावर येऊन थांबले. लायब्ररी पहिल्या परवान्याची की दुसऱ्या?

धनेशचे म्हणणे असे की सही करून टाकावी. नाव कुठे राहिलेय? पेणमध्ये बसून लिहिलेले धाटावात चालणार; त्या गोऱ्या माणसाला स्वप्न पडणार आहे काय? ऋतुजाने त्याला एवढेच सांगितले की अजून त्यांनी प्रणाली कोणाला दिलेली नाही. कारखान्यातली चाचणी तिच्याच संगणकावर झाली होती. तेव्हा अजून कोणाचे काही बिघडलेले नाही. सही केली की बिघडेल. आणि पहिला परवाना निघाला तर तो भाग नव्याने लिहायचा. किती दिवस लागतील, असे तिने विचारले. धनेशने समोरच्या रांगांकडे पाहिले, बोटे मोजली आणि सांगितले की दिवस नाय, महिने.

एस.टी.डी. बूथवरून कुवेतला फोन लागला. मीटरवरचे आकडे पळत होते, म्हणून फैजलने सलामापुढचे सगळे गाळले. सीडी घरीच आहे, रोह्याला. तिच्यावर त्या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या होत्या, जुनी आणि नवी. कोणती दिली, ते आठवत नाही. आई देईल.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात फैजलच्या अंगणात जवळा सुकत घातला होता. चारी बाजूंना काठ्या, काठ्यांवर दोऱ्या, आणि मधोमध उन्हात गरगर फिरणारी, इंद्रधनुष्य फेकणारी एक चकती. ऋतुजाने काय ते ओळखले आणि जवळ जाऊन चकती निरखली.

“तिला कावले भितात गो,” फैजलची आई, खतीजाचाची म्हणाल्या. “फैजलनं आणलेल्या वस्तूंत हीच एक कामाची निघाली.”

ऋतुजाने सीडी मागितली. चाचींनी आधी आकाशाकडे पाहिले, मग जवळ्याकडे. न्यायची तर न्यावी, पण बदल्यात दुसरी लागेल, नाहीतर दुपारपर्यंत जवळा कावळ्यांचा. संगणकाच्या मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी ऋतुजाच्या पिशवीत होती. चाचींनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पसंत केली. ही जास्त चकाकत होती.

फैजलच्या सीडीचे हाल फार झाले होते. ऊन, वारा, खारट हवा, आणि काठीवर आपटून पडलेले ओरखडे. धनेशच्या संगणकाला आता सीडी वाचणारे यंत्र होते. ते बराच वेळ घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. दोन्ही आवृत्त्यांचे कप्पे दिसले. त्यांच्यातला सोर्स कोड मात्र उघडेना. वाचता आली ती एकच फाइल: कोणत्या आवृत्तीत काय बदलले याची लेखकाने ठेवलेली नोंद, खाली त्याच्या नावासह.

ऋतुजाने ती सावकाश वाचली. जुन्या आवृत्तीला पहिला, कडक परवाना होता. नवी काढताना लेखकाने तो बदलून दुसरा लावला होता. त्याच नव्या आवृत्तीत त्याने दोन दोष दुरुस्त केले होते. एक, फाइलीतली शेवटची नोंद पुसली की नोंदींची एकूण संख्या चुकत असे. दुसरा, नोंदीचे नाव फार लांब दिले तर जुनी आवृत्ती ते मुकाट्याने कापून साठवी. नवी ते घ्यायलाच नकार देई आणि चूक दाखवी.

तिला एकदम बरे वाटले. अजून उत्तर हाती नव्हते, पण प्रश्न ओळखीच्या भाषेत आला होता. बाटलीवरचे लेबल गेले आहे; बाटलीत दोनांपैकी एक द्रव आहे; दोघांची अभिक्रिया वेगळी आहे. तर मग लेबलावाचून अडते कुठे?

“पहिल्या दोषाचं बघ,” धनेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “मोजणी चुकायची. मला आठवतंय. मी ती नीट केली.”

सीताबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात थांबल्या. मोजणी चुकत असेल तर आवृत्ती जुनी; जुनी असेल तर परवाना पहिला. ऋतुजाने मनातली ही साखळी बोलून दाखवली नाही. तिने एवढेच म्हटले की धनेशने हात लावलेल्या भागाची साक्ष ती मानत नाही, बाजूने असो की विरुद्ध. नमुन्यात आपणच काही मिसळले असेल तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. लांब नावाच्या भागाला त्याने हात लावला होता का? त्याने विचार केला. बॅचचे नंबर आखूड असतात. लांब नावाचा प्रश्नच कधी आला नव्हता. तो भाग त्याने उघडूनही पाहिला नव्हता.

“मग तोच.”

प्रयोगाआधी तिने दोन्ही शक्यता मोठ्याने सांगितल्या, म्हणजे नंतर निकालाला सोयीचा अर्थ चिकटवायला जागा उरू नये. नाव कापले गेले तर जुनी. नकार आला तर नवी. तिसरे काही झाले तर आपल्याला काही कळत नाही असे मानायचे. धनेशने चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. लांब नाव म्हणून त्याने गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांची नावे एकापुढे एक जोडली, आणि ती पुरली नाहीत म्हणून दुसऱ्यांदा जोडली.

तिने स्वतः बटण दाबले.

पडद्यावर एक ओळ आली. नोंद स्वीकारली नव्हती. नाव मर्यादेबाहेर लांब होते.

धनेश तिच्याकडे बघत होता. ती पडद्याकडेच बघत राहिली आणि पुन्हा करायला लावले, वेगळे नाव देऊन. मग मर्यादेच्या आत बसणारे नाव देऊन, जे निमूट साठवले गेले. मग पुन्हा लांब. लायब्ररी दर वेळी तेवढ्याच ठामपणे नाही म्हणाली. कोणी आपल्याला नकार द्यावा आणि त्याने डोक्यावरचा हंडा उतरल्यासारखे वाटावे, असे ऋतुजाच्या आयुष्यात आधी झाले नव्हते.

“आणि ती मोजणी?” धनेशने विचारले. “ती तर चुकायची. शपथेवर सांगतो.”

तिने त्याची दुरुस्ती उघडून पाहिली. लायब्ररी मोजणी शून्यापासून सुरू करी. त्याने ती एकापासून धरली होती. चूक होती, पण ती लायब्ररीची नव्हती.

“म्हणजे चूक माझी, आणि नाव त्याचं खरवडून त्याला वाचवलं मी,” धनेश म्हणाला. मग तो हसायला लागला, आणि निवलेला चहा तिने एका घोटात संपवला.

पुढचे काम कष्टाचे होते, पण त्यात धडधड नव्हती. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर परत बसवायचा. त्याखाली काय बदलले, कोणी बदलले आणि केव्हा, ते लिहायचे. धनेशला नाव परत घालणे पटेना. आपल्या हातच्या चुका त्या माणसाच्या अंगावर कशा टाकायच्या? तेव्हा तिने त्याला परवान्याचा सुरुवातीचा परिच्छेद मराठीत सांगितला. दुसऱ्याने बदललेली वस्तू ही मूळ वस्तू नाही, हे घेणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणजे दुसऱ्याच्या दोषांमुळे मूळ कर्त्याच्या नावाला बट्टा लागणार नाही.

धनेशने ते पुन्हा सांगायला लावले.

“हे तर आमचंच हाय,” तो म्हणाला. “फक्त त्यांच्यात नाव खरवडत नाय. खाली आपलं लिहितात.”

सीताबाईंना हे धोक्याचे वाटले. मागे मूळ कारागिराचे नाव ठेवले तर गिऱ्हाईक उद्या सरळ त्याच्याकडेच जाईल.

“जाऊ द्या, काकू. तो तारखांची मांडणी चुकीची करतो,” ऋतुजा म्हणाली.

धाटावच्या कारखान्यात दत्तात्रेय कर्णिक हे उत्पादन व्यवस्थापक होते. मोजकेच बोलणारा माणूस. ऋतुजाने त्यांना सगळे सांगितले: कोणता भाग आपला, कोणता बाहेरचा, तो कोणत्या अटींवर मिळाला, आणि त्या कलमावर आहे तशी सही करता येणार नाही, हेही. टेबलावर दोन फ्लॉप्या ठेवल्या. एकीत लायब्ररी, धनेशच्या बदलांसकट, उघडी. दुसरीत त्यांच्या स्वतःच्या भागाच्या ऑब्जेक्ट फाइली: यंत्राला जोडता येतील पण माणसाला वाचता येणार नाहीत अशा. उद्या कारखान्याला लायब्ररी बदलावीशी वाटली तर या दोन्हींतून प्रणाली पुन्हा जोडता येईल, आणि तेवढ्यापुरते तिचे आतले उलगडून पाहायलाही मुभा राहील.

कर्णिकांनी ऐकून घेतले. हा परदेशातला माणूस उद्या येऊन पैसे मागेल काय? नाही, आणि तसे त्याने लिहून ठेवले आहे. तुमचा सोर्स कोड मिळणार काय? नाही. मग त्यांनी खिडकीबाहेर, गोदामाकडे बोट केले.

“बाहेरचा माल वापरू नका, असं मी कुठं म्हटलं?” ते म्हणाले. “आमचा निम्मा कच्चा माल बाहेरचाच. लेबल नसलेला ड्रम मी फाटकातून आत घेत नाही, एवढंच.”

ते कलम मुंबईच्या कचेरीने दुसऱ्याच कोणत्या तरी करारातून उचलून इथे चिकटवले होते. त्याचे मूळ लेखक कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कर्णिकांनी मुंबईला फोन लावला, आणि दुपारची शिफ्ट बदलायच्या आत कलमाच्या जागी दोन नवी वाक्ये आली. पहिल्यात लायब्ररीचे आणि तिच्या लेखकाचे नाव होते. दुसऱ्यात उरलेले सर्व पुरवठादाराचे स्वतःचे असल्याचे म्हटले होते. ‘संपूर्णतः’ हा शब्द उरला नव्हता. ऋतुजाने सही केली.

दोन्ही फ्लॉप्या कर्णिकांनी एका जाड पाकिटात घातल्या आणि बॅचचे राखीव नमुने जिथे ठेवतात त्या कपाटात ठेवायला दिल्या. हे पाकीट कोणी कधी उघडणार नाही, असे ते म्हणाले.

“उघडता येईल ना, तेवढं पुरे,” ती म्हणाली.

पेणला पोचली तेव्हा धनेश पडवीत एक मोठी मूर्ती पालथी घालून बसला होता. तिने मान हलवली, आणि त्याला कळले. त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसले आणि पुसताना ते बराच वेळ चेहऱ्यावर तसेच धरून ठेवले. प्लास्टरने चेहरा आणखीच पांढरा झाला. मग त्याने सीताबाईंना हाक मारून चहा टाकायला सांगितले, या वेळी गरम असताना प्यायचा, असेही सांगितले, आणि ऋतुजाला विचारले की फाइलींत त्याचे नाव नुसते धनेश असे घातले आहे, त्यापुढे पेण लिहिले तर चालेल का.

परवान्यात तशी मनाई नव्हती. ऋतुजाने तरी आत जाऊन एकदा तपासले.